सकाळी रुसणारा लॅपटॉप

"पुन्हा बंद पडला! सोमवारी प्रकल्प द्यायचाय मला!" लुसुंगुताईला रडूच कोसळलं. तीन वर्षांच्या अभ्यासाचा तिचा सगळा प्रकल्प त्या लॅपटॉपमध्येच होता.

बाबांनी सुट्टीला आलेल्या भाच्यावर, खुम्बोवर, डोळे वटारले. "तूच खेळत होतास ना यावर? उद्याच्या गाडीने तुझ्या गावी, रुम्फीला चालता हो! तळ्यावरच्या सहलीला आम्ही तुझ्याशिवाय जाऊ!"

"मामा, शपथ, मी काही केलं नाही हो!"

बारा वर्षांची वेझी खाली मान घालून उभी होती. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात पाहुण्यांना थोब्वा, म्हणजे मक्याचं आंबूस पेय, देताना ती रीतीप्रमाणे गुडघे टेकून वाकली आणि तिचा पाय लागून मागचा थोब्वाचा तांब्या थेट लॅपटॉपवर कलंडला. सगळे गप्पांत रंगले होते. तिने गुपचूप लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, ओल शोषली जावी म्हणून मक्याचं पीठ चोळलं आणि पुसून जागेवर ठेवला. आता आतेभावाकडे बघायचीही तिला लाज वाटत होती.

"रडत काय बसायचं? शोध लावू!" खुम्बो म्हणाला. त्याने वेझीच्या धाकट्या बहिणीला, तेम्वाला, वही दिली. "लिही! सकाळी सहा, बंद. आठ, बंद. काल दुपारी दोन?"

"चालू! परवा दुपारीपण चालू!" तेम्वा ओरडली. "म्हणजे याला थंडी वाजते!"

"वेझी, तू का गप्प? जीभ गिळलीस की काय?" खुम्बोने विचारलं.

वेझी कसंनुसं हसली. दहा वाजता दुरुस्तीवाले गोंडवेकाका आले. झाकणही न उघडता म्हणाले, "आतलं सगळं जळलंय. नवीनच घ्या!"

"काका, थांबा ना," खुम्बो म्हणाला. त्याने लॅपटॉप चुलीजवळ नेऊन शेकला आणि चालू करायची कळ दाबली. पडदा उजळला!

"जळलेला चालू कसा झाला हो, काका?" तेम्वाने विचारलं. काका घाम पुसू लागले.

खुम्बोने कळ हुंगली. "आंबट वास येतोय! आणि सकाळी ही दाबली की वर येतच नाही. दाबलेलीच राहते, म्हणून तो आपोआप बंद होतो. पण आत काय सांडलंय?"

वेझीला आता राहवेना. "थोब्वा!" ती हुंदका देत म्हणाली. "मी सांडला. वर पीठ चोळलं. खुम्बोने काही केलं नाही, बाबा!"

मग तेम्वा फिस्सकन हसली. "अगं, तू लॅपटॉपमध्ये मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा शिजवलास! सकाळच्या दमट हवेत तो फुगतो!"

बॅटरी काढून, काडीला स्पिरिटचा बोळा लावून गोंडवेकाकांनी कळीखालचा लगदा खरवडला. दुसऱ्या दिवशी बाहेर झिमझिम चालू असतानाही लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाला!

"शाबास, खुम्बो! चुकलं माझं," बाबा म्हणाले. "आणि वेझी, उशिरा का होईना, खरं बोललीस. शाबास!"

ती शाबासकी वेझीला चपराकीसारखी लागली. ती खुम्बोच्या खोलीत गेली. गावी जायची त्याची पिशवी कालपासून भरून ठेवलेली होती.

"माफ कर ना रे," ती म्हणाली.

खुम्बोने पिशवी तिच्यापुढे सरकवली. "आठवडाभर मला शिव्या खाताना बघत होतीस. आता तूच रिकामी कर ही."

वेझी खाली बसली आणि एकेक कपडा काढून नीट घडी घालून ठेवू लागली. शेवटचा सदरा राहिला, तेव्हा कुठे खुम्बो तिच्याशेजारी येऊन बसला.