बोंबलाच्या वासाने ओढलेलं जाळं

घरात दारूचा थेंब नव्हता. मग दामोदरला ती आठवली कशी?

हे कोडं पडलं आमच्या शेजारच्या हर्षालीला. तेव्हा बोटी आपल्या आपण समुद्रात जायच्या अन् परतायच्या. एक बोट तर माशांशी भांडली, रुसली आणि रिकामीच आली! दामोदर म्हणजे हर्षालीचा बाबा. बरेच महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो त्या दिवशी घरी आला. सोबत केंद्राचा यंत्रमानव, गुंडू. अख्खा पत्र्याचा, पण मांजर दिसलं की ओट्यावर चढायचा.

हर्षालीने लाडाने सुके बोंबील तळले, कुरकुरीत. बाबाची जुनी खुर्ची खाडीकडे तोंड करून मांडली. वास आला आणि बाबाचा चेहराच बदलला. "जरा जाऊन येतो," म्हणाला. दिवे लागले तरी पत्ता नाही.

"माझं काय चुकलं रे गुंडू?"

"तुझं काहीच नाही. पूर्वी तो याच खुर्चीत बोंबील खात प्यायचा ना? मेंदूने बोंबील, खुर्ची, संध्याकाळ, दारू, सगळं एका जाळ्यात विणलंय. एक धागा ओढला की अख्खं जाळं वर. अशा धाग्याला चेतक (हाव जागी करणारी खूण) म्हणतात."

"मग फाड ना ते जाळं!"

"ते कुणालाच जमत नाही गं."

दोघं धक्क्यावर गेली. बाबा तिथे बसला होता, हातात अर्धी बाटली.

"जा घरी, पोरी. एकदा घेतलीच ना? सगळे महिने फुकट गेले. आता थांबून काय उपयोग?"

"हा विचारच फसवा आहे," गुंडू म्हणाला. "सगळं, नाहीतर काहीच नाही. दामूदादा, होडीत थोडं पाणी शिरलं तर तू काय करतोस? होडी बुडवतोस?"

"तुला काय कळतंय रे, डबड्या!"

"काही नाही कळत. म्हणून तर विचारतोय."

"पाणी उपसतो," बाबा पुटपुटला आणि बाटली गुंडूकडे दिली.

"चल घरी," हर्षाली म्हणाली.

"नको. घरभर तो वास असेल. मला केंद्रात सोडा."

"पण तू आजच आलास!" ती रडायलाच लागली.

"तुझं नाही चुकलं गं. बाटली मी घेतली."

"जुनं जाळं राहतंच," गुंडू हळूच म्हणाला. "पण शेजारी नवं विणता येतं. रोज थोडं. मग मेंदू नव्यालाच आधी हात घालायला शिकतो."

बाबाला घेऊन नावाड्याशिवायची होडी केंद्राकडे निघाली. अंधारातून बाबा ओरडला, "रविवारी येशील? सकाळीच ये. तिथल्या बागेत झाडांना पाणी घालू."

"काय आणू तुला?"

"काही नको. तू ये."