कोरड्या बॉयलरची वाफ

"इंजेक्शन कुणाला द्यायचंय?" औषधांच्या दुकानातल्या मुलीनं काउंटरवरून विचारलं. मोठी सिरिंज, सुई नको, आणि डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या... असलं गिऱ्हाईक तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"इंजिनाला," तो म्हणाला.

बोटांना काळं तेल, चेहरा गंभीर. थट्टा करतोय म्हणावं, तर हसत नव्हता. तिनं नजर रोखली तशी त्यानं मान खाली घातली, पण कान लालबुंद झाले. झालं! पोरगी तिथंच घसरली.

तो लेथवर काम करणारा टर्नर. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत टेबलभर गोल रूळ मांडलेले, कडेला छोटीशी शेड, तिकडं गाडी वळवायला हातानं ओढायचा काटा, आणि रुळांवर खऱ्या वाफेवर धावणाऱ्या वीतभर लांबीच्या आगगाड्या. ती 'नुसतं बघायला' म्हणून गेली आणि दर रविवारी दुपारी शिकायलाच बसू लागली.

"आधी तेलाचे चार थेंब," तो सांगायचा. "मग सिरिंजनं पाणी. मग दिव्यात स्पिरिट, तेही बेतानं. दिवा आधी विझला पाहिजे, पाणी मागे उरलं पाहिजे. कोरडा बॉयलर तापला, की सांधे सुटले. इंजिन कामातून गेलं."

"आणि शिकवणारा तापला तर?"

"मी तापत नाही."

"तेच तर दुखणं आहे ना..." ती पुटपुटली. कान पुन्हा लाल झाले.

पण चार वाजले की त्याचं बोलणं तुटायचं. कोपऱ्यात काचेचं कपाट होतं, त्यात एकच हिरवं इंजिन. ते त्याच्या ताईनं केलेलं. याला हाताला धरून काम शिकवणारी ती ताई दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून त्या इंजिनाला कुणी काडी लावली नव्हती. तरीही रोज चार वाजता कपाटाची काच आतून वाफेनं धुरकटायची. पहिल्यांदा ते पाहिलं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता.

"ती याच वेळेला इंजिन पेटवायची," तो म्हणाला होता. "मी नसलो तर... तिला एकटं वाटेल."

म्हणून फिरायला जाणं नाही, चहाला बाहेर जाणं नाही. तीन महिने झाले. जिवंत माणसाशी भांडता येतं, या ताईशी भांडायचं कसं? आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, नाहीतर उद्यापासून ही पायरी चढायची नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"आज ताईंचं इंजिन चालवू या," ती म्हणाली.

त्यानं घड्याळाकडं पाहिलं; चारला थोडा वेळ होता. मग त्यानं कपाट उघडलं. आतून दमट, कोमट हवा आली. त्यानं इंजिन रुळांवर ठेवलं, तेलाचे थेंब तिनं सोडले. त्यानं दिवा भरला, काडी ओढली. दोघं श्वास रोखून बसले. काही मिनिटांत इंजिन फुसफुसलं आणि निघालं. एक फेरा, दोन, दहा... तो लहान मुलासारखा हसत होता. आणि मग त्याची नजर तिच्या कोपराजवळ गेली. सिरिंज तिथं पडली होती. पाण्यानं काठोकाठ भरलेली.

"पाणी... तुम्ही भरलंत ना?"

"मी? मला वाटलं, तुम्ही—"

तो पांढराफटक पडला. दिवा विझवायला झेपावला, पण दिवा कधीच विझला होता. बॉयलर कोरडा, विस्तव नाही, आणि इंजिन वाफ सोडत धावतच होतं. खोलीत गारठा पसरला. चार वाजून गेले होते.

"बघा ना... ती मला सोडत नाही," तो खुर्चीत मटकन बसला. "तुम्ही जा."

पण ती गेली नाही. घरच्या वडीलधाऱ्यांपुढं बसतात तशी टेबलापुढं नीट बसली, ओढणी सारखी केली.

"ताई," ती इंजिनाकडं बघून म्हणाली, "तुमचा भाऊ मला फार आवडतो. तो स्वतःहून विचारेल, ही आशा मी सोडली. म्हणून तुम्हालाच विचारते... मला द्याल का? त्याला उपाशी ठेवणार नाही, आणि इथं यायचं बंदही करणार नाही. पण रोज चारला नाही हं. त्याला थोडं ऊनही लागू दे."

इंजिन मंदावलं. तिच्यासमोर आलं, क्षणभर घुटमळलं... आणि मुख्य रूळ सोडून बाजूच्या शेडमध्ये शिरलं. आपण होऊन. आत जाऊन थांबलं.

"काटा कुणी बदलला?" तो कुजबुजला.

तिनं इंजिनाला हात लावून पाहिला. ते थंडगार होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"आणि मला... मला कुणी विचारायचंच नाही?" तो म्हणाला.

"थोरल्यांचा होकार आलाय. आता तू कोण नाही म्हणणारा?"

तो हसला, रडता रडताच. मग उठला, तिचा हात धरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, चारच्या सुमाराला, दार उघडून रस्त्यावर आला.