तीनशे चाळीस यार्डांवर

दिवा असा मधे ठेवा, म्हणजे तुमचं तोंड मला दिसेल. ही गोष्ट सांगताना समोर कोण बसलंय ते दिसलेलं बरं.

त्या दुपारी आम्ही निघालो ते अगदी साध्या कामाला. एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हरणांच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता आणि मी नवा रेंजफाइंडर घेतला होता. डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं. लेझरचा किरण समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि अंतराचा आकडा दिसतो. आमच्या मोंटानाच्या डोंगरांत अंदाजानं गोळी झाडली, तर जनावर जखमी होऊन कुठल्या तरी दरीत तडफडत मरतं. माझं यंत्र जवळचं अंतर चोख सांगायचं. लांबचं म्हटलं की गडबडायचं.

म्हणून लाइलला बरोबर घेतलं. लाइल माझ्या थोरल्या भावाचा, वेंडेलचा, जिवलग मित्र. गावात बंदुका-दुर्बिणी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. त्या दुपारच्या तीन वर्षं आधी ते दोघं शिकारीला गेले आणि एकटा लाइल परत आला. वेंडेल बर्फाच्या वादळात कोल्डवॉटर दरीत वाट चुकला, असं त्यानं सांगितलं. अख्ख्या गावानं ती दरी पिंजून काढली. सगळ्यांत पुढे लाइल, घसा बसेपर्यंत हाका मारत. वेंडेल सापडला नाही. तेव्हापासून लाइल आमच्या घरचाच झाला. आईची लाकडं तो फोडून द्यायचा. रविवारी वेंडेलच्या खुर्चीत बसून जेवायचा आणि आई मांसाचा सगळ्यांत चांगला तुकडा त्याच्या ताटात वाढायची.

"हॅचेट दरीच्या कड्यावर जाऊ," मी म्हणालो. "तिथून लांबवर मोकळं दिसतं."

"एवढ्या लांब कशाला हेलपाटा? कुरणात तपासू की."

"कुरणात काय, गाईंवर नेम धरू?"

तो हसला नाही. पण सवयीनं रायफल खांद्याला अडकवून माझ्या गाडीत बसला.

कड्यावर वारा पडलेला होता. ढग खाली उतरले होते आणि हवेला ओल्या दगडांचा वास येत होता. दरीपलीकडे एक पांढरा खडक होता, नऊशे यार्डांच्या आसपास. मी त्याच्यावर नेम धरून बटण दाबलं.

तीनशे चाळीस.

"हात कापतोय तुझा. म्हातारा झालास," लाइल म्हणाला आणि त्यानं यंत्र तिवईवर घट्ट बसवलं. पुन्हा तीनशे चाळीस. थंडीनं बॅटरी मंदावते म्हणून त्यानं ती काढून काखेत धरली, ऊब आल्यावर परत घातली. काच फुंकर मारून पुसली. आकडा हलेना.

"मधे एखादं झुडूप येत असेल. थांब, जवळचं सोडून सगळ्यांत लांबचं तेवढं दाखव, असं सांगतो त्याला." त्यानं यंत्रातलं सेटिंग बदललं.

तीनशे चाळीस.

म्हणजे किरण पुढे जातच नव्हता. पण मधे होतं काय? दरीच्या तळातून वर आलेली डोंगराची एक बोडकी सोंड. तिच्या टोकावरून किरण जात होता, आणि तिथे गवताची काडीसुद्धा नव्हती.

मी तिवईचा स्क्रू सैल केला. नेम किंचित डावीकडे सरकवला, तर आकडा नऊशेच्या वर गेला. किंचित उजवीकडे, तरी नऊशे. मधल्या पट्टीवर आणलं की तीनशे चाळीस. मग मी हळूहळू वर सरकत गेलो. पट्टी आधी माणसाच्या खांद्यांएवढी रुंद होती. थोडं वर ती एकदम अरुंद झाली... माणसाच्या डोक्याएवढी. त्याच्या वर पुन्हा मोकळं.

"लाइल," माझा आवाज आपोआप खाली आला, "तुझ्या यंत्रातून बघ जरा."

त्यानं खिशातून स्वतःचं यंत्र काढून डोळ्याला लावलं. मग ते हळूच खाली घेतलं.

"किती?"

ते यंत्र मी त्याच्या हातातून घेऊन पाहिलं. त्यातही तोच आकडा.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "तिथं काही नाहीये, आर्लो."

"मग बघून येतो की."

"सांगतोय ना, तिथं काही नाहीये!"

इतक्या वर्षांत लाइल माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी उतरायला लागलो.

सोंडेच्या टोकावर खरंच काही नव्हतं. पण टोकाखाली एक कपार होती, वरून अजिबात न दिसणारी. आत हाडं होती. लाल लोकरी टोपी होती, आईनं वेंडेलसाठी विणलेली. मांडीचं हाड गोळीनं फुटलं होतं आणि त्याला दोन काठ्या लावून कुणीतरी नीट बांधलं होतं. बांधलं होतं तो तपकिरी चौकटींचा मफलर मी ओळखत होतो. लाइलच्या गळ्यात तो कित्येक हिवाळे पाहिला होता.

कोल्डवॉटर दरी इथून दोन डोंगर पलीकडे. तिथं आम्ही हाका मारत होतो, तेव्हा वेंडेल इथं जिवंत होता.

वर दगड घरंगळला. लाइल अर्ध्या उतारावर उभा होता. रायफल हातात, नळी माझ्याकडे.

"चुकून लागली रे," तो म्हणाला. "एल्क समजून झाडली. मीच त्याला कपारीत ठेवलं. मदत आणायलाच निघालो होतो... देवाशपथ. वाटेत वाटलं, चुकून लागली हे कोण मानणार?"

"आईनं मानलं असतं," मी म्हणालो. "मी मानलं असतं."

भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. डोळ्यांसमोर फक्त ती खुर्ची येत होती, आणि त्याच्या ताटात वाढणारा आईचा हात. आमचं तीन वर्षांचं रडणं या माणसानं शेजारी बसून पाहिलं होतं. आमचे डोळे पुसले होते.

त्यानं रायफल खांद्याला लावली. मग तिच्या दुर्बिणीवरचा त्याचा चेहरा एकदम सैल पडला.

"आर्लो..." तो कुजबुजला असावा, पण त्या दरीत श्वाससुद्धा ऐकू येत होता. "तुझ्या पुढ्यात... कोण उभं आहे?"

माझ्यापुढे कुणी नव्हतं. फक्त हवा होती, आणि ती अचानक फार गार झाली होती.

"सरक ना रे..." लाइल म्हणाला. मला नव्हे. त्याच्या हातातून रायफल गळली आणि तो धडपडत झाडीत पळाला.

मी वर आलो तेव्हा गाडी तिथंच होती, किल्ली तशीच लटकलेली. लाइल नव्हता. मी त्याला हाक मारली नाही. गावात पोचेस्तोवर बर्फ पडायला लागलं होतं.

सकाळी शेरीफ आणि त्यांच्या हाताखालची पोलीस, नेटी, यांना घेऊन मी परत गेलो. ताज्या बर्फावर बुटांचे ठसे होते, लाइलचे. झाडीतून निघून थेट सोंडेकडे उतरलेले. धावणाऱ्याचे नव्हेत, सावकाश, बरोबरीनं कुणी चालत असावं तसे. बर्फ थांबल्यावर उमटलेले. कपारीच्या तोंडापर्यंत जाणारे. परत येणारा एकही नाही.

आत वेंडेल होता तसाच होता. लाइल नव्हता.

हाडांच्या शेजारी मात्र देवदारासारख्या फर झाडाच्या हिरव्यागार फांद्यांचं अंथरूण घातलेलं होतं. आदल्या दिवशी ते नव्हतं, आणि त्या सोंडेवर फरचं एकही झाड नाही. अंथरूण मधोमध दबलेलं, माणसाच्या अंगाएवढं.

नेटीनं हातमोजा काढला आणि त्या खोलगट जागेवर तळवा टेकवला. मग आमच्याकडे न बघता ती मागे सरकत सरकत कपारीबाहेर आली.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली. "आणि... आत्ता, माझ्या हाताखाली ते आणखी थोडं दबलं."