धुतलेली पिसं

दादाची ठमी पहिली पावलं टाकायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ओल्या चादरीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "जरा पाय उचलता का? पिसावर उभ्या आहात."

चादर सारली, तर हातात पाकीट घेतलेला एक उंच तरुण. वहिनीनेच त्याला वर पाठवलं होतं. शहरभर फिरून तो पारव्यांची गळलेली पिसं गोळा करायचा. पारवे आपल्याच रस्त्यावरचं टिपतात, आपलीच हवा घेतात, म्हणून कुठे किती विष आहे ते त्यांच्या पिसांतून कळतं, असं त्याने मला समजावलं. माणसांना विचारायची लाज वाटते वाटतं, असं मी म्हटलं. तो हसला... आणि पीस तिथेच विसरून गेला.

पुढच्या आठवड्यासाठी पिसं जमवून ठेवायला त्याने सांगितलं होतं. मी जमवली. पण अशी मळकी कशी द्यायची? साबणाने धुतली, उन्हात वाळवली, एकावर एक रचली.

पाकीट उघडून तो बघतच राहिला. "अहो... मला मळासकट हवी होती."

"मग आधी सांगायचं. मला वाटलं, तुम्हाला स्वच्छ माणसं आवडतात."

"आवडतात ना," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

वहिनीने त्याचं नाव पिसंवाला ठेवलं. तो यायचा त्या दिवशी ती मला मुद्दाम गच्ची झाडायला पिटाळायची.

मग एकदा तो आला आणि हसलाच नाही. आमच्या गच्चीवरच्या पिसांइतकं शिसं त्याला शहरात कुठेच सापडलं नव्हतं. खाली अंगणात दादा जुन्या बॅटऱ्या फोडून भट्टीत शिसं वितळवायचा, त्यावरच घर चालायचं. ठमीचं पोट सारखं दुखायचं. दात येत असतील, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

ठमीला आजच दवाखान्यात न्या, असं त्याने आधी बजावलं. मग सांगितलं, की खात्रीसाठी पिसं आणखी एकदा लागतील, आणि त्याचा अहवाल गेला की सरकार भट्टी बंद करेल.

"या वेळी धुतलेली दिलीत," तो खाली बघत म्हणाला, "तरी मी काही विचारणार नाही."

"आणि तुमचं काम?"

"करीन दुसऱ्या कुठल्या गच्चीवर... तुम्ही नसाल तिथे."

ठमीच्या रक्तातही शिसं निघालं. दादाला वाटलं, डॉक्टरला काय कळतंय. भट्टी पेटतीच राहिली.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या हातात पिसं ठेवली. काजळीने काळी, जशी पडली तशी. माझी बोटंही काळी झाली होती. त्याने ती सोडली नाहीत.

"आता दादा मला घरात ठेवणार नाही," मी म्हटलं. "पिसांबरोबर मलाही न्यावं लागेल."

"मळासकट?"

"मळासकट."

भट्टी बंद झाली. दादाने दुसरं काम धरलं, पण माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे ठमी खाऊ-पिऊ लागली, अंगणभर धावू लागली, तेव्हा एके दिवशी तोच तिला कडेवर घेऊन आमच्या दारात आला. पिसंवाल्याला म्हणाला, "आत बोलावणार की पिसं मागणार?"

दादा ठमीच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात गेला. हे गेल्या वर्षी गेले, पारवे पिसं टाकतात त्या दिवसांत.