भात्यामागची लिव्हिना

"अहो, वारा कोण देतंय?"

मी दचकलेच! ऑर्गनच्या मागच्या त्या अंधाऱ्या खोलीत कधी कोणी फिरकत नसे. बाबांचा गुडघा गेल्यापासून आमच्या लीर गावच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या नळ्यांत वारा भरणारे भाते मीच पायांनी दाबायची. पुढे वादक, मागे मी, मध्ये लाकडी भिंत आणि घंटीची दोरी. वादकाने घंटी एकदा वाजवली की सुरू करायचं, दोनदा वाजवली की थांबायचं.

आणि आज दारात नवा वादक उभा... यॉरिस. केस पावसाने निथळत होते, आणि डोळे — जाऊ दे!

"मीच देतेय. काही चुकलं का?"

"छे! इतका एकसारखा वारा मला कुठेच मिळाला नाही. वाटलं, कोणीतरी दांडगा बाप्या असेल."

"निराशा झाली म्हणायची!"

"नाही हो..." तो कानापर्यंत लाल झाला.

मग तालीम संपली की तो रोज मागे यायचा. बेदाण्याचा पाव आणायचा, मोठा तुकडा मला द्यायचा. स्वतः रचलेली धून गुणगुणायचा.

"शेवटचा सूर किती लांबवू, लिव्हिना?"

"माझे पाय दमेपर्यंत."

"मग संपला म्हणायचा का कधी!"

मी हसायची. बाबा सोडले तर दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता. तो गेला की खोली खायला उठायची.

हिवाळ्यात त्याला अँटवर्प शहरातून नोकरीचं पत्र आलं. मोठं कॅथेड्रल, मोठा ऑर्गन.

"तिथे भाते कोण दाबतं?"

"यंत्र आहे." तो टोपी चुरगाळत राहिला. "तू चल ना माझ्याबरोबर."

"बाबांना कुठे टाकू?"

"मग... तू थांब म्हण. नाही जाणार मी."

बाई गं, ओठांवर आलंच होतं! "रविवारी सांगते," म्हटलं.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याने आपली धून वाजवली. शेवटचा सूर लागला. मी दोन घंट्यांची वाट पाहत होते. घंटी वाजेना. लोक बाहेर पडले, तरी सूर चालूच. माझ्या पोटऱ्या पेटल्या होत्या. तेव्हा कळलं, थांबवायचं त्याने माझ्यावर सोडलंय. मी वारा देत राहिले असते, तर तो जन्मभर या एवढ्याशा गावात बसून राहिला असता... माझ्यासाठी.

फार प्रेम होतं हो माझं त्याच्यावर.

मी पाय काढले. सूर हळूहळू खाली घसरला आणि विझला.

पुढच्या रविवारी घंटी एकदा वाजली. पुढे वाजवायला दुसराच कोणी होता. मी भात्यावर पाय ठेवला.