ओळीच्या शेवटचा शब्द

अमर ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये गेला तो नुसता पंखा साफ करायला. वीजकेंद्राची राख तिथं कुणाच्या घरात शिरत नाही? ती कॉम्प्युटरच्या पोटातही शिरली होती आणि आतला पंखा घरघरत होता. काम दहा मिनिटांचं. पण कॉम्प्युटर जयाचा होता, आणि जयाला जाऊन चार महिने झाले होते. एकविसाव्या वर्षी सिकलसेलच्या आजारानं नेलं तिला. कॉलेजात ती अमरच्या शेजारी बसायची. त्या घराची पायरी चढायला त्याला चार महिने लागले, यातच काय ते आलं.

राख झटकून त्यानं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची, यादी आली, दहा सेकंद उलटे मोजले गेले, चार ओळी सरकल्या आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

हे या मशीनचं जुनं दुखणं होतं. यादी आली की थांबवायचं, मशीन सुरू करणाऱ्या आज्ञेची ओळ उघडायची, तिच्या शेवटी ‘नोएपिक’, म्हणजे अडणारा भाग वगळ, एवढा शब्द लिहायचा आणि पुढं जायचं. असा हातानं लिहिलेला शब्द त्या एका वेळेपुरताच टिकतो. मशीन बंद केलं की गेला. सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेव, असं त्यानं जयाला दहादा सांगितलं होतं. “राहू दे ना,” ती हसायची, “मले हातानं लिवाले आवडते.”

“काकू, हा बंदच राहत असन ना आता?” त्यानं जयाच्या आईला विचारलं.

“नाई. रोज दिवाबत्तीच्या वेळेले लावतो.” कलाबाई दारातच उभ्या होत्या. “बटन दाबतो अन् सैपाकघरात जाऊन बसतो. मांगं कोणी उभं राह्यलं तं तिले चालत नव्हतं.”

“अन् चालू होते?”

“होते की. टाइपिंगचा आवाज येते जरासा... मंग पडद्यावर तिचा फोटो येते.”

तो शब्द कुणी लिहिल्याशिवाय हे मशीन चालूच होत नव्हतं. त्यानं स्वतः शब्द लिहून मशीन चालू केलं, फाइल उघडून पाहिली. फाइलमध्ये तो शब्द कुठंच नव्हता. मग कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं तेच त्यानं केलं, आणि त्याचंच त्याला जन्मभर वाईट वाटत राहिलं. शब्द त्यानं कायमचा लिहून टाकला.

“आता कोणाले काही लिवाची गरज नाई, काकू.”

कलाबाईंनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

आठव्या दिवशी त्या एकट्याच बसनं त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आल्या.

“अमर, तो शब्द काहाडून टाक.”

“काऊन? चालू होत नाई काय?”

“होते. आपोआप होते.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तिले काही कामच नाई उरलं... ती येत नाई.”

संध्याकाळी जाऊन त्यानं फाइलमधला शब्द खोडला आणि मशीन बंद केलं. देवापुढं दिवा लागला. कलाबाईंनी बटण दाबलं आणि दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसली.

गॅसवर वरण शिजत होतं. थोडा वेळ काहीच नाही. मग आतल्या खोलीत कीबोर्ड वाजू लागला... हळू, ओळखीच्या ठेक्यात. कलाबाईंनी डोळे मिटून घेतले. अमरला भीती वाटायच्या आधी रडू आलं.

एवढासा शब्द, त्याला वेळ तो किती लागणार? पण आवाज थांबेना. वरण उतू गेलं तरी तो चालूच होता. शेवटी अमर उठून दारापर्यंत गेला.

खुर्ची रिकामी होती. ओळीची सुरुवात केव्हाच पडद्याबाहेर सरकली होती. दिसत होता तो एकच शब्द, त्याच्यापुढं पुन्हा तोच, पुन्हा तोच, आणि आणखी एक अक्षराअक्षरानं उमटत होता. पुढं जायचं बटण मात्र दाबलं जात नव्हतं. मशीन सुरू झालं असतं, तर तिचं काम संपलं असतं.

कलाबाई त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत होत्या.

“जया...” त्या अगदी हळू म्हणाल्या, “झालं माय. पुरे आता... जाय.”

कीबोर्ड थांबला.

मग पुन्हा वाजू लागला, पण आता घाईघाईनं, कुणीतरी खुर्चीवरून उठवील या धाकानं वाजावा तसा.