ईश्वरप्पाची साइडकार

ही गोष्ट भर दुपारची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. असलं काही सांगायला बसलं की ऐकणारे आपोआप अमावास्या आणि मध्यरात्र धरून चालतात. आम्ही सकाळी आठ वाजता पोहे खाऊन निघालो होतो आणि दिवेलागणीच्या आत घरी परतलो होतो. तुमच्यासमोर हा दिवा आहे तो आज वीज गेली म्हणून; गोष्टीत दिव्याचं काही काम नाही.

साल एकोणीसशे चौतीस. सोलापुरात तेव्हा मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या तीन आमच्या. मी कमलाकर, वकिली नुकती सुरू केलेली. दुसरा एकनाथ, डॉक्टर, कुठल्याही गोष्टीचं कारण दोन मिनिटांत सांगणारा. तिसरा ईश्वरप्पा, बियाण्यांचा व्यापारी, अंगानं आडवा आणि बोलायला अगदी मऊ. आम्ही तिघांनी मिळून क्लब काढला होता. महिन्यातून एका रविवारी कुठंतरी जाऊन यायचं, एवढाच क्लबचा कायदा. गावात मात्र आम्हाला कुणी क्लब म्हणत नसे. 'फटफटीवाले' म्हणत.

ईश्वरप्पाच्या गाडीला डाव्या अंगाला साइडकार होती. ती त्यानं बायकोसाठी, रुद्राणीसाठी बसवून घेतली होती. रुद्राणीला फिरायची फार हौस. डोक्यावरचा पदर दातात धरून ती साइडकारमध्ये बसायची आणि वाटेत दिसेल त्या माणसाला हात करायची. मागच्या श्रावणात विषमज्वरानं ती गेली. एकनाथनंच औषध दिलं होतं, अठरा दिवस. त्यानंतर ईश्वरप्पानं गाडीला हात लावला नव्हता.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपून आठवडा झाला होता. आम्ही त्याला घरातून जवळजवळ ओढून बाहेर काढलं. मंद्रूपच्या अलीकडं त्याच्या मामांचं, म्हणजे रुद्राणीच्या वडिलांचं, मल्लप्पांचं शेत होतं. तिथं हुरडा खायचा आणि परत यायचं, असा बेत. निघताना एकनाथ म्हणाला, "दह्याचं मडकं साइडकारमध्ये ठेवू."

"तिथं नको," ईश्वरप्पा म्हणाला. एवढंच. मग ते मडकं मी माझ्या मागं बांधलं.

विजापूर रस्त्यावर तेव्हा डांबर नव्हतं. दोन्ही बाजूंना शाळूची पिवळी कणसं, वर स्वच्छ ऊन, आणि तोंडात धूळ. दहाएक मैलांवर एका विहिरीपाशी थांबलो. केराबाई नावाची एक म्हातारी पाणी शेंदत होती. ईश्वरप्पाची तिची जुनी ओळख होती. तिनं आम्हाला ओंजळीनं पाणी पाजलं, मग तांब्या भरून ती साइडकारकडं वळली.

"बाईस्नी नको व्हय पानी? उन्हात बसल्यात की."

एकनाथ हसला. "आजी, तिथं उशी आहे."

म्हातारीनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानंच काहीतरी अभद्र बोलून टाकलं. मग तांब्या तिथंच काठावर ठेवून ती निघून गेली. मी साइडकारमध्ये पाहिलं. तांबडी उशी होती आणि तिच्यावर धूळ. एकनाथनं लगेच कारण सांगितलं: म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तो होताही.

पण ईश्वरप्पाचा चेहरा मी पाहिला. त्याला भीती वाटत नव्हती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जीव आला होता. पुढचे सगळे मैल त्यानं गाडी इतकी सांभाळून चालवली, की एकेका खड्ड्याशी तो जवळजवळ थांबत होता.

शेतावर हुरडा भाजायची आगटी पेटली होती. मल्लप्पा कणसं मोडून आणत होते. त्यांची बायको काशम्मा "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत पुढं आली आणि चार पावलांवर थबकली. तिची नजर साइडकारवर होती. तिनं ईश्वरप्पाच्या दंडाला धरलं आणि त्याला लिंबाखाली नेलं. आवाज दाबला होता, तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"वरीस तरी भरू द्यायचं हुतंस, ईश्वरा. माझी पोरगी जाऊन पाच म्हैनं न्हाय झालं, अन् तू दुसरी घिऊन फिरतोस? ते बी गाडीत, तिच्याच जागंवर?"

"मामी..." ईश्वरप्पानं तिच्याकडं वळून विचारलं. "तुम्हाला कोण दिसतंय?"

"मला काय इचारतोस? तूच आनलंस की!"

"रुद्राणी आहे ना ती? सांगा ना, मामी. रुद्राणीच आहे ना?"

काशम्माचा राग एकदम उतरला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं वळून साइडकारकडं बघितलं, बराच वेळ.

"न्हाय," ती म्हणाली. "रुद्राणीला मी वळखनार न्हाय व्हय? ही थोराड हाय. उंच. बिनकाठाचं लुगडं हाय... मांडीवर हात ठिवून बसलीया."

ईश्वरप्पा लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसला. मल्लप्पांनी हातातली कणसं टाकली आणि साइडकारभोवती एक फेरी मारली. त्यांना काही दिसलं नाही. एकनाथला दिसलं नाही, मला दिसलं नाही. वारा पडला होता. आगटीतल्या शेणींचा धूर सरळ वर चालला होता.

एकनाथ काहीतरी म्हणायच्या बेतात होता, पण ईश्वरप्पा आधी बोलला. "मामी, तिला विचारा... माझी रुद्राणी भेटली का तिला कुठं. बरी आहे का."

मल्लप्पा बायकोला कानडीत 'नको' म्हणाले. काशम्मानं ऐकलं नाही. पदर खोचून, कपाळाची विभूती चाचपून ती गेली. साइडकारपासून दोन हातांवर उभी राहून हळू आवाजात काही बोलली. मग कान देऊन ऐकल्यासारखी वाकली. एका उघड्या शेतात, उन्हात, एक बाई रिकाम्या साइडकारशी बोलत होती. बघायला यापेक्षा जास्त काही नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"रुद्राणीचं तिला काय म्हाईत न्हाय. म्हनती... जागा मोकळी हुती, म्हनून बसले."

"आणि?" एकनाथनं विचारलं.

"म्हनती, आता घरी न्या. कुटलं घर म्हनून इचारलं, तर..." काशम्मानं बोट उचललं, पण ते नेमकं कुणाकडं धरावं ते तिला कळेना. शेवटी तिनं ते ईश्वरप्पाकडं धरलं.

ईश्वरप्पाच्या घरी त्याची सात वर्षांची मुलगी होती, प्रभा, आणि म्हातारी आई. त्या दोघीच आमच्या डोळ्यांपुढं आल्या असणार. एकनाथ उठला, हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला आणि म्हणाला, "मला यातलं काही पटत नाही. पण ही साइडकार आज इथंच राहील."

"ती रुद्राणीची आहे," ईश्वरप्पा म्हणाला.

"आता नाही."

ईश्वरप्पानं मान खाली घातली. मग म्हणाला, "खोला." आणि आमच्याकडं पाठ करून बसला. चारही बोल्ट गंजले होते. एकनाथ आणि मल्लप्पा तासभर झटत होते. मी आगटीपाशी बसून हुरडा चोळत होतो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

उन्हं कलायच्या आत आम्ही निघालो. साइडकार लिंबाखाली ठेवली. परतीच्या वाटेवर काही झालं नाही. ईश्वरप्पाच्या घरीही काही झालं नाही. प्रभा मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. ईश्वरप्पानं मात्र तो उन्हाळा येण्याआधीच गाडी विकली. पुन्हा लग्नही केलं नाही. क्लब तिथंच संपला.

पुढं चैत्रात मल्लप्पांच्या बांधाच्या दाव्यासाठी मला त्या शेतावर जावं लागलं. मोटारसायकल घेऊन जायचं धाडस झालं नाही, सर्व्हिस मोटारनं गेलो. साइडकार लिंबाखालीच होती. तिच्यात कडब्याच्या पेंढ्या भरल्या होत्या, आणि वर एक मांजर निजलं होतं. मी काशम्माकडं पाहिलं.

"गेली ती," ती सहज म्हणाली. "म्हैनाभर हुती. मी भाकर ठिवायची, पानी ठिवायची. काय तरास न्हाय दिला बिचारीनं. शिमग्याच्या आधी एक जन फटफटी घिऊन आला. ती मागं बसली, अन् गेली."

"कोण आला? ईश्वरप्पा?"

"त्यो कशाला येतोय. तुमच्यातलाच. चवथा."

"काशम्मा, आम्ही तिघंच आहोत. क्लबात चौथा कुणीच नाही."

ती हसली, वकील माणूस असं कसं विसरतो म्हणून. "अवो, हुरड्याला आल्ता की तुमच्यासंगं. लई गप मानूस. डाक्टर अन् आमचं मालक गाडी खोलत हुतं, तवा तुमच्या शेजारीच बसला हुता, आगटीपाशी. तुमीच त्याला हुरडा दिलासा की, चोळून."

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. आणि मला तो हात आठवला.

माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी हात पुढं केला होता. मी मान वर करून पाहिलं नव्हतं. काम सोडून एकनाथ आला असेल असं धरून मी आगटीतून नुकतंच काढलेलं कणीस चोळलं आणि ते दाणे त्या तळव्यावर ओतले होते. माझे स्वतःचे हात पोळून लाल झाले होते. इतका गरम हुरडा हातावर पडला, की कुणीही हात झटकतो, फुंकर घालतो, या हातातून त्या हातात करतो.

तो हात तसाच राहिला होता. आणि मी त्याच्यावर आणखी एक मूठ ओतली होती.